चकाकी आणि कवच : फिरत्या घरांच्या बाह्यांगाचा इतिहास

वस्तूंच्या इतिहासात आज आपण एका अशा वस्तूकडे वळतो आहोत, जी आपल्याकडे क्वचितच दिसते. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं घर. अमेरिकेत त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, इंग्लंडमध्ये कॅरॅव्हॅन. आतला पलंग, आतली शेगडी आज बाजूला ठेवू. आपण पाहणार आहोत ते फक्त बाहेरचं अंग : ते धुणं, घासणं आणि जपणं.

विषय किरकोळ वाटेल. पण यात एक प्रश्न दडलेला आहे. स्वच्छ करणं आणि जपणं ही एकच क्रिया आहे का? आपण सहसा दोन्ही शब्द एका श्वासात उच्चारतो. या घरांचा दीडशे वर्षांचा इतिहास मात्र सांगतो की पुष्कळदा या दोन क्रिया एकमेकींच्या विरोधात जातात.

सुरुवात लाकडापासून करू. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकानं ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून एक गाडी बांधून घेतली. नाव ‘द वाँडरर’. स्टेबल्स पूर्वी ब्रिटिश आरमारात शल्यचिकित्सक होते. केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधलेल्या पहिल्या कॅरॅव्हॅनमध्ये हिची गणना होते. बाहेरून महोगनी, ओढायला घोडे, बरोबर गाडीवान आणि नोकर. म्हणजे मालक निसर्ग पाहणार आणि गाडीवरचा चिखल दुसरं कुणीतरी पुसणार, हेही त्या चकाकीच्या इतिहासात धरायला हवं.

त्या काळच्या घोडागाड्यांना व्हार्निशचे अनेक हात देत. ती राखण्याचे नियम कडक होते. वाळलेला चिखल कोरडा पुसायचा नाही. आधी भरपूर पाणी सोडून तो मऊ करायचा. का? तर चिखलात वाळूचे कण असतात, आणि फडकं फिरवलं की तेच कण व्हार्निश ओरखडतात. गाडी तबेल्याला लागून ठेवायची नाही, कारण घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया व्हार्निश खराब करतो. आता बघा, व्हार्निशचं काम काय? ऊन, पाऊस, चिखल स्वतःवर घेणं आणि लाकडाला वाचवणं. ते झिजणारच, ते झिजण्यासाठीच आहे. झिजलं की नवा हात द्यायचा. लाकडाला हात लावायचा नाही.

याच सुमारास इंग्लंडमध्ये मोठा वाद चालू होता. जुन्या चर्चच्या भिंती खरवडून ‘मूळ रूपात’ आणण्याची लाट आली होती. तिच्याविरुद्ध विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. तिला टोपणनावच पडलं ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडण्याच्या विरोधातली. म्हणणं साधं होतं : शतकांनी जे पृष्ठभागावर ठेवलं तेही इमारतीचाच भाग आहे. रोजची काळजी घ्या, म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही. हा युक्तिवाद लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता अमेरिका. १९३० च्या दशकात हॉली बोलस यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, रिव्हेट मारलेला ट्रेलर बनवला. बोलस विमानांचे माणूस. लिंडबर्ग यांच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’च्या बांधणीवर त्यांची देखरेख होती. त्याच वळणावर वॉली बायम यांचा एअरस्ट्रीम क्लिपर १९३६ मध्ये आला. रंग नाही, व्हार्निश नाही, उघडा धातू. त्या चकाकीत विमानयुगाचा सगळा दिमाख होता. पुढे महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळलं आणि ट्रेलरचं उत्पादन थांबलं.

पण उघडा धातू टिकतो कसा? ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप धरतो आणि तोच पुढची झीज अडवतो. अडचण अशी की शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. बळकटीसाठी तांबं मिसळलं तर पत्रा मजबूत होतो, पण गंजाला लवकर बळी पडतो. यावर अल्कोआ कंपनीच्या एडगर डिक्स यांनी १९२० च्या दशकात उपाय काढला : मजबूत मिश्रधातूच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा थर. हा अल्क्लॅड. युद्धोत्तर एअरस्ट्रीममध्ये हाच विमानाचा पत्रा दिसतो. हिशेब करून बघू. पत्रा सुमारे ०.८ मिलिमीटर जाड, त्यावरचा थर एका बाजूला साधारण ५ टक्के. म्हणजे ०.०४ मिलिमीटर. आपल्या वहीच्या कागदाहूनही पातळ!

इथे गंमत सुरू होते. ट्रेलर जुना झाला, मंदावला, की हौशी मालक पॉलिशचा लेप आणि फिरतं यंत्र घेऊन बसतो. फडकं काळंकुट्ट होतं. त्याला वाटतं, केवढी घाण निघाली! प्रत्यक्षात त्या काळ्या रंगात मुख्यतः घासून निघालेलं ॲल्युमिनियम आणि त्याचं ऑक्साइडच असतं. म्हणजे फडक्यावर ट्रेलरच उतरलेला असतो. आरशासारखी चमक दर वेळी त्या ०.०४ मिलिमीटरमधूनच वसूल होते.

आपल्याला हे नवं नाही. कल्हई केलेलं पितळेचं पातेलं आठवा. बाहेरून चिंच लावून खसाखसा घासायचं, आतून मात्र जपून हात फिरवायचा. एकच भांडं, दोन नियम. कारण आतला कथिलाचा थर गेला की आंबट पदार्थ कळकणार, हे घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. कल्हई गेली तर निदान कल्हईवाला दारावर यायचा. अल्क्लॅडचा थर पुन्हा चढवणारा कुणी दारावर येत नाही. हा फरक मोठा आहे.

मग झाकून ठेवलं तर? १९६० च्या दशकात एअरस्ट्रीमवर कारखान्यातच पारदर्शक लेप येऊ लागला. उन्हानं तो पुढे पापुद्र्यांसारखा सुटू लागला. शिवाय पत्र्याच्या कापलेल्या कडेपाशी, रिव्हेटपाशी ओल आणि मीठ आत शिरलं की लेपाखाली कोळ्याच्या धाग्यांसारखे गंजाचे पांढरट तंतू सरकत जातात. समुद्राकाठी आणि मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्यांवर हे जास्त होतं. कवचालाही राखण लागते, ती अशी.

तिसरा टप्पा फायबरग्लासचा. कॅनडात विनिपेगच्या रे ओलेको यांनी १९६८ मध्ये ‘बोलर’ हा हलका ट्रेलर आणला. त्याआधी त्यांनी फायबरग्लासची सेप्टिक टाकी बनवली होती. अंड्यासारखं ते कवच त्याच अनुभवातून आलं. फायबरग्लासवर रंगीत जेलकोट असतो, साधारण अर्धा मिलिमीटर. ऊन त्यातलं राळेचं बंधन तोडतं आणि बोटाला खडूसारखी भुकटी लागते. ती घासून काढता येते, पण पुन्हा तेच : घासणं म्हणजे वजाबाकी. म्हणून वर मेण लावतात. कारनौबा मेण ब्राझीलच्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडानंच ते तयार केलेलं असतं. झाडाचं कवच आपण घराला चढवतो.

लाकूड, ॲल्युमिनियम, फायबरग्लास या तिन्हींतून एकच शहाणपण निघतं. सावलीत उभं करा. आधी पाणी सोडून वाळू वाहून जाऊ द्या. सौम्य साबण वापरा. भांड्यांचा साबण मेण काढून नेतो. ॲल्युमिनियमला तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क दोन्ही खातात, ते टाळा. सांध्यांवर जोराचा फवारा मारू नका, पाणी आत शिरतं. मीठ लवकर धुवा, मेण वेळेवर लावा. पॉलिश अगदी शेवटी, क्वचित.

आता मॉरिसकडे परत जाऊ. पन्नास-साठ वर्षांचा मंदावलेला ट्रेलर आपल्या हाती आला, तर त्याला आरसा करायचा का? कायद्यानं तो मालकाचा आहे, हौसेलाही आमची हरकत नाही. पण पुढच्या माणसाला आपण चमक देणार की पत्रा, हे हातात यंत्र घेण्यापूर्वी ठरवायला हवं. नंतर ठरवण्याजोगं काही उरत नाही. आमचं मत विचाराल तर आम्ही धुऊ, मेण लावू आणि मंदपणा तसाच राहू देऊ. तुमचं मत वेगळं असू शकतं. ते ऐकायला आवडेल. प्रश्नांकडे वळू या.