कालवांची दप्तरनोंद

वाळूजसारख्या, समुद्रापासून दूरच्या गावी बसून आम्ही कालवांविषयी लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. पण ज्यांच्या राज्यात हा अभ्यास झाला, ते सयाजीराव गायकवाडही नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे, म्हणजे देशावरचेच. ओखामंडळाचा किनारा बडोदे संस्थानात असल्याने दरबाराने १९०५ मध्ये जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तेथील समुद्रजीवांची पाहणी करविली. सिंहलद्वीपातील मोत्यांच्या कालवांचा अनुभव हॉर्नेल यांच्या गाठीशी होता. अहवालाचे भाग १९०९ व १९१६ मध्ये निघाले. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी ज्याच्या शिंपा बसवीत, त्या कालवाचीही त्यात नोंद आहे.

दरबाराला मत्स्योद्योग वाढवायचा होता. आज त्या नोंदींचे मोल निराळे आहे. मोत्याचे कालव खडकाला धरून राहते, खिडकीचे मऊ चिखलावर पडून असते. नष्ट झालेली वसाहत पुन्हा वसवायची, तर पूर्वी कोणते कालव कोठे होते, हे आधी कळावे लागते. जागा चुकली की श्रम वाया. बखरींबरोबर असे अहवालही आपल्या वर्गांत वाचले जावेत, असे आम्हांस वाटते.