वारा, पाणी आणि वसती : वैनगंगेच्या खोऱ्यातून फेंगशुईचा विचार

चिनी भाषेत ‘फेंग’ म्हणजे वारा व ‘शुई’ म्हणजे पाणी. घर, गाव अथवा समाधी यांसाठी भूमी कशी निवडावी, व निवडलेल्या भूमीवर मांडणी कशी करावी, याचा विचार करणाऱ्या विद्येस या दोन साध्या शब्दांची जोडी नाव म्हणून लाभली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. महाराष्ट्रातील वाचकास या विद्येचा परिचय गेल्या काही दशकांत झाला तो मुख्यतः बाजारातून. हसरा बुद्ध, तीन पायांचा बेडूक, दारावर टांगावयाच्या किणकिणत्या नळ्या, अशा वस्तूंचा वाऱ्यापाण्याशी असलेला संबंध नाममात्रच होय. भंडारा शहराच्या पश्चिमेस, नागपूरच्या रस्त्यावर वसलेल्या शहापूरसारख्या गावी नवे घर बांधणाऱ्या गृहस्थास या विद्येचा काही उपयोग आहे काय, असा प्रश्न विचारावयाचा असेल, तर ती ज्या भूमीत जन्मली तेथूनच आरंभ केला पाहिजे.

या विद्येचे आद्य सूत्र ‘त्सांग शू’, म्हणजे दफनाचा ग्रंथ, यात आढळते. हा ग्रंथ ग्वो पू (इ. स. 276–324) याच्या नावावर मोडतो, त्याचे कर्तृत्व संशोधकांस निर्विवादपणे मान्य नाही. जीवनदायी ‘ची’ वाऱ्याने विखुरते व पाण्याच्या काठी थांबते, हे त्यातील प्रतिपादनाचे सार. म्हणून वारा अडवावा व पाणी जवळ करावे. उत्तरेस काळे कासव, पूर्वेस निळा नाग, पश्चिमेस पांढरा वाघ व दक्षिणेस तांबडा पक्षी, अशी जी चतुष्टयी पुढे रूढ झाली तिचा भौगोलिक अर्थ उघड आहे. पाठीशी डोंगर, दोन्ही बाजूंस टेकड्यांचे बाहू, आणि समोर मोकळी जमीन व वाहते पाणी. तांग काळात, नवव्या शतकात, यांग युनसुंग याने ज्यांगशी प्रांतात भूरूपावर भर देणारा संप्रदाय दृढ केला. होकायंत्रावर भर देणारा दुसरा संप्रदाय सुंग काळात फूज्यानमध्ये वाढला. चुंबकसूची नेमकी दक्षिणेकडे न वळता किंचित कलते, ही नोंद शन ग्वो याने इ. स. 1088 च्या सुमारास केली. होकायंत्राच्या प्रारंभीच्या इतिहासात या भूमिविदांचा वाटा मोठा आहे, हे जोसेफ नीडहॅम यांनी दाखवून दिले आहे.

या विद्येस सरसकट ताओवादी म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. यिन-यांग व पंचतत्त्वे यांची चौकट हान काळात सर्वच संप्रदायांची समाईक मालमत्ता होती. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील चू शी यासही भूमिपरीक्षा मान्य होती. ताओवादाचा खास ठसा दिसतो तो वृत्तीत. भूमीवर बळ चालवावयाचे नाही, तिची चाल ओळखून तिच्याशी जुळवून घ्यावयाचे. उलट, या विद्येतील कर्मठ भागावर चीनमध्येच फार पूर्वी टीका झाली. पहिल्या शतकातील वांग छुंग याने घरमालकाच्या आडनावाच्या ध्वनीवरून दाराची दिशा ठरविणाऱ्यांचा समाचार घेतला आहे. भारतीय शिल्पग्रंथांतील आयादी गणित, म्हणजे घराच्या मापांचा व मालकाच्या नक्षत्राचा मेळ घालण्याची रीत, ज्यांनी पाहिली आहे त्यांस हा वाद परका वाटणार नाही.

आता भूगोल पाहू जाता असे दिसते की, पीत नदीचे खोरे सुमारे 34 अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात तेथे वायव्येकडून कोरडा, बोचरा वारा येतो. उत्तरेची पाठ डोंगराने झाकणे व दक्षिणेचे ऊन अंगणात घेणे हे तेथील शहाणपणच होय. भंडारा सुमारे 21 अंशांवर आहे. जूनच्या अखेरीस दुपारचा सूर्य येथे डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेस असतो. येथे भय थंडीचे नसून मे महिन्यातील पश्चिमेच्या झळांचे आहे, आणि पाऊस येतो तो मुख्यतः नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यांबरोबर. तेव्हा चिनी मांडणी जशीच्या तशी उचलून शहापुरात घर बांधले, तर उत्तरेची भिंत व्यर्थ जाड होईल व खरी सावली हवी ती पश्चिम बाजू उघडी राहील. तत्त्व स्वीकारावयाचे तर दिशा बदलावी लागेल. पश्चिमेस झाडे व जाड भिंत, पुढे खोल सपरी, कवेलूंचे उतरते छप्पर, ही या भागातील जुन्या घरांची रचना त्या तत्त्वाच्या अधिक जवळ आहे. ती ज्यांनी रचली त्यांना ग्वो पू ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

भारतीय वास्तुविद्येचाही येथे विचार केला पाहिजे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त (सहावे शतक) वास्तुविद्येच्या अध्यायात 81 व 64 पदांच्या मंडलाबरोबर भूमिपरीक्षाही सांगितली आहे. हातभर खड्डा खणून तीच माती परत भरावी; माती उरली तर भूमी उत्तम. लगेच पुढचा दकार्गलाचा अध्याय झाडे व वारुळे यांवरून भूगर्भातील पाणी कसे ओळखावे ते सांगतो. ईशान्येस देवघर व आग्नेयीस चूल एवढेच आजच्या लोकव्यवहारात उरले. खड्ड्याची माती व वारुळाची खूण मागे पडली. मंडल टिकले, भूमी निसटली, असे घडले.

भूमीचा हा विचार ग्रंथात नव्हे, पण कृतीत कोठे टिकला असेल, तर तो वैनगंगेच्या खोऱ्यात. पवनी हे प्राचीन नगर नदीकाठी तट व खंदक यांच्या आधाराने वसले. 1969–70 मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननाने तेथील स्तूप प्रकाशात आणले. परंतु खरा दाखला तलावांचा आहे. रसेल व हिरालाल यांनी 1916 च्या आपल्या ग्रंथात कोहळी समाजाचे वर्णन भंडारा-चांदा भागातील मोठ्या तलावांचे निर्माते असे केले आहे. गोंड राजांनी त्यांना येथे आणून वसविले, व तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखालील जमीन दिली, अशी परंपरा आहे. टेकड्यांच्या मधली खिंड मातीच्या पाळीने अडवावयाची, जादा पाण्यास सांडवा ठेवावयाचा, पाळीखाली धानाची बांधी व उसाचे मळे, लहान पाण्यास बोडी. नवेगाव बांध (आता गोंदिया जिल्ह्यात) हे याचे सर्वांत भव्य उदाहरण. पाठीशी डोंगर व पुढे पाणी या चिनी आकृतीचे हे दुसरे रूप आहे, आणि फरकही बोलका आहे. तेथे डोंगर वारा अडवितो, येथे तो पाणी पुरवितो. दक्षिण चीनमधील गावांनी पाठीमागची वनराई फेंगशुईच्या नावाने शतकानुशतके तोडू दिली नाही. येथे तलावाच्या वरचे रान राखले नाही तर गाळ तलावात उतरतो, हे सांगण्यास नागाची वा वाघाची गरज नव्हती. धानाचे पीक ते सांगत असे.

मालगुजारीचे उच्चाटन करणारा मध्य प्रदेशाचा कायदा 1950 चा. 1951 मध्ये तो अमलात आला, त्या वेळी भंडारा त्याच राज्यात होता. तलाव शासनाकडे गेले. मालगुजारांच्या जुलमाचा अंत झाला, हे इष्टच झाले. पण पाळीची डागडुजी दर वर्षी कोणी करावी, हा प्रश्न कायद्याच्या कलमांनी सुटला नाही. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे जोडून लोकांनी या तलावांना ‘मामा तलाव’ असे नाव दिले. त्यांपैकी अनेक गाळाने भरले. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला 1988 मध्ये बसली, व बुडीत क्षेत्रातील गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आलेल्या महापुरात भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. नदीचे पाणी कोठवर येते, उतार कोणीकडे आहे, वारा कोठून वाहतो, हे भूखंडाचा नकाशा आखणाऱ्याने आधी विचारावयाचे प्रश्न होत. ते न विचारता आखलेल्या भूखंडावर प्रवेशद्वार पूर्वेस ठेवले काय अन् दक्षिणेस ठेवले काय, पाणी आपल्याच वाटेने घरात येते.