लाकडी खांबाला तडा गेल्यास

गोव्यातील जुन्या घरांच्या राजांगणात आणि सोप्यात छपराचा भार लाकडी खांब वाहतात. सागवान, फणस, किंदळ किंवा माट्टीचा असा खांब दगडी तळखड्यावर उभा असतो आणि त्याच्या माथ्यावर तुळई टेकते. त्याला भेग दिसली की पुट्टी भरून वरून रंग देण्याकडे बहुतेकांचा कल असतो. दुरुस्तीतील सर्वांत महाग पडणारी चूक हीच. भेग झाकली जाते, तिचे कारण तसेच राहते.

लाकूड वाळताना परिघाच्या दिशेने जेवढे आकसते, तेवढे गाभ्याच्या दिशेने आकसत नाही. पहिले आकुंचन साधारणपणे दुप्पट असते. या ओढाताणीत पृष्ठभागापासून गाभ्याकडे उभी भेग पडते. ती चैत्र-वैशाखात रुंदावते आणि श्रावणात बरीचशी मिटते. खांब ओळंब्यात असेल, भेग तंतूंना समांतर असेल आणि आरपार गेलेली नसेल, तर भार पेलण्याची शक्ती फारशी घटत नाही. अशी भेग उघडी ठेवणेच उत्तम. उन्हाळ्यात तीत कठीण पुट्टी भरली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला मिटायला जागा उरत नाही आणि ते भरणच पाचरीसारखे भेग फाकवू लागते.

धोका वेगळ्या खुणांत असतो. तंतू तोडून गेलेली आडवी वा तिरकी चीर, तुळईखाली चिरडलेला माथा, कललेला खांब, किंवा भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून वरखाली सरकलेल्या असणे, यांपैकी एकही गोष्ट आढळल्यास काम पुढे ढकलू नये. शंका असल्यास भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. महिन्याभरात भेग रेघ ओलांडून गेली, तर ती अजून वाढत आहे.

पायथा तर प्रत्येक वेळी तपासावाच, कारण बहुतेक खांब तेथेच कुजतात. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते. जांभ्या दगडाचा चिरा जमिनीतील पाणी शोषून थेट लाकडाच्या बुंध्याला पोचवतो. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, टोकदार हत्यार सहज आत शिरले किंवा वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या, तर वरची भेग दुय्यम ठरते.

दुरुस्तीपूर्वी भार उतरवणे अनिवार्य आहे. अपघात घडतात ते याच टप्प्यावर. खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली टेकू लावावेत. टेकूखाली जाड, रुंद फळी हवी. नुसत्या लादीवर ठेवलेला टेकू लादी फोडून खचतो. वरची कौले उतरवल्यास वजन बरेच हलके होते. जॅक वापरायचा तर तो अगदी हळू फिरवावा आणि खांबावरचा दाब सुटताच थांबावे. वर्षानुवर्षे खचलेले छप्पर एका दिवसात समपातळीत आणण्याचा मोह धरल्यास भिंतींना तडे जातात, कौले निसटतात. दुमजली घरात हे काम अभियंत्याच्या देखरेखीशिवाय करूच नये.

खांब उभा चिरलेला पण निरोगी असेल, तर भेग साफ करून, लाकूड पूर्ण कोरडे असताना इपॉक्सी भरून शिकंज्याने आवळतात. त्यानंतर १० ते १२ मिलिमीटरचे आरपार बोल्ट रुंद चकत्यांसह बसवतात. सर्व बोल्ट एकाच उभ्या रेषेत आले तर तेथूनच नवी चीर सुरू होते, म्हणून ते आलटूनपालटून घ्यावेत. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते. तेथे स्टेनलेस स्टीलच परवडते.

पायथा कुजला असल्यास दिसणाऱ्या कुजीच्या वर, निरोगी लाकूड लागेपर्यंत, खांब कापावा आणि अर्धी अर्धी जाडी एकमेकांत बसेल असा सांधा करून नवा तुकडा जोडावा. सांध्याची लांबी खांबाच्या रुंदीच्या किमान तिप्पट हवी. नवे लाकूड शक्यतो त्याच जातीचे आणि पूर्ण वाळलेले असावे. उघड्या हवेत एक इंच जाडी वाळायला सुमारे एक वर्ष लागते, असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. त्यामुळे मोडलेल्या घरांचे जुने लाकूड अधिक भरवशाचे ठरते. परसातला फणस तोडण्याचा विचार असेल, तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये आधी परवानगी घ्यावी लागते, आणि तोडल्यावरही तो लगेच कामी येत नाही.

खांबाचा पाय सिमेंटमध्ये गाडण्याची गवंड्यांची सवय मात्र ठामपणे नाकारावी. सिमेंटच्या कवचात शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि आतले लाकूड कुणाच्या लक्षात न येता कुजते. त्याऐवजी कठीण काळ्या दगडाचा तळखडा जमिनीपासून वर उचलून घ्यावा आणि दगड व लाकूड यांच्यामध्ये डांबरी पत्रा घालावा. शेवटी जवसाचे तेल द्यावे. कोकण-गोव्यात वाळवीविरुद्ध काजूच्या टरफलांचे तेलही वापरतात. ते कातडीला लागल्यास फोड येतात, म्हणून हातमोजे घालूनच लावावे. टेकू घाईने न काढता नवा सांधा भार घेतो आहे याची खात्री पटल्यावर थोडे थोडे सैल करावेत. हे सारे काम मृगाच्या सरींपूर्वी आटोपलेले बरे.