पहिले रिव्हॉल्वर निवडताना : कायदा, कागद आणि कारागिरी

जुनी नाणी, टपाल तिकिटे, समया किंवा अडकित्ते जमविणाऱ्याची पहिली खरेदी फसली, तरी त्याला दुसरी करता येते. रिव्हॉल्वरच्या संग्राहकाला भारतात ही मुभा जवळजवळ नाही. शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. त्यापूर्वी ही मर्यादा तीन होती. वडिलोपार्जित बारा बोअरची बंदूक आधीच नावावर असेल, तर एकच जागा शिल्लक राहते. त्यामुळे आपल्याकडील संग्राहकाचे पहिले रिव्हॉल्वर हे बहुधा त्याचे शेवटचेही रिव्हॉल्वर असते, असे म्हटले तर वावगे ठरू नये. म्हणूनच ही निवड सौंदर्यापासून नव्हे, तर कायद्यापासून सुरू करावी लागते. कायद्यानंतर कागदपत्रे पाहावीत आणि कारागिरीचा विचार त्यानंतर करावा.

रिव्हॉल्वर आणि पिस्तूल

बोलीभाषेत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण संग्राहकाने त्यांतील फरक पक्का ध्यानात ठेवला पाहिजे. रिव्हॉल्वरमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रात, म्हणजे सिलिंडरमध्ये बसतात. प्रत्येक बारासाठी चक्र एक घर पुढे सरकते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतुसे सहसा मुठीतील मॅगझिनमध्ये असतात व उडालेल्या बाराच्या जोरावर पुढचे काडतूस नळीत चढते. नाशिक येथे २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर झाडलेले ब्राउनिंग हे पिस्तूल होते. प्रयागराजच्या संग्रहालयात जतन केलेले चंद्रशेखर आझाद यांचे कोल्ट हेही पिस्तूलच आहे.

रिव्हॉल्वरचा इतिहास याहून जुना आहे. अमेरिकेत सॅम्युएल कोल्ट याने १८३६ साली त्याचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम्स याचे पाच बारांचे रिव्हॉल्वर १८५१ साली पुढे आले. ही दोन्ही शस्त्रे टोपीची होती. प्रत्येक घरात दारू व गोळी वेगवेगळी भरावी लागे. धातूच्या काडतुसाचे रिव्हॉल्वर स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ साली बाजारात आणले. हा टप्पा केवळ इतिहासाचा नाही. ठासणीचे किंवा टोपीचे शस्त्र आणि काडतुसाचे शस्त्र यांना कायदा वेगवेगळ्या नजरेने पाहतो, हे पुढे दिसून येईल.

परवान्याची चौकट

शस्त्र कायदा १९५९ सालचा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. सध्या त्याखाली २०१६ ची नियमावली लागू आहे. जळकोट किंवा उदगीरच्या रहिवाशाचा अर्ज लातूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, तर कंधार वा मुखेडच्या रहिवाशाचा नांदेडच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. पोलीस अहवाल मागविला जातो व त्यानंतर निर्णय होतो. शस्त्र घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे.

येथे एक बाब स्पष्ट समजून घ्यावी. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणारा शेतकरी आणि रिव्हॉल्वर मागणारा अर्जदार यांना कायद्याने एका पंगतीत बसविलेले नाही. डोंगरपट्ट्यात रानडुकरांचा उपद्रव सोसणाऱ्या शेतकऱ्याच्या गरजेला कायद्याच्या १३ व्या कलमात स्वतंत्र स्थान आहे. रिव्हॉल्वरसाठी मात्र ‘योग्य कारण’ असल्याची प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. केवळ संग्रहाची हौस हे कारण सहसा पुरेसे ठरत नाही. ज्याच्याकडे स्वसंरक्षणाचे खरे कारण आहे किंवा वारसाहक्क आहे, त्यालाच संग्राहकाची दृष्टी वापरण्याची संधी मिळते.

जळकोट तालुक्याच्या वाचकांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे, हे त्यावर नमूद असते. येथून कर्नाटक व तेलंगणाची हद्द दूर नाही. बिदर किंवा निजामाबादकडे जाताना आपला परवाना तेथे चालतो का, हे आधी तपासणे श्रेयस्कर.

पहिला प्रश्न बोअरचा

शस्त्रांच्या जाणकारांच्या तोंडी वेब्ली हे नाव हटकून असते. बर्मिंगहॅमच्या या कंपनीचे रिव्हॉल्वर ब्रिटिश सैन्याने १८८७ साली स्वीकारले. पहिल्या महायुद्धातील, १९१५ सालचे ‘मार्क सहा’ हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध. वजन एक किलोहून अधिक आणि बोअर ०.४५५. दुसऱ्या महायुद्धातील वेब्ली व एन्फिल्ड रिव्हॉल्वर ०.३८० बोअरची होती. पाश्चात्त्य संग्राहकाला पहिल्या खरेदीसाठी हीच नावे सुचविली जातात.

भारतात नेमका येथेच पेच येतो. ०.३८० आणि ०.४५५ बोअरची काडतुसे, तसेच लष्करी ९ मिलिमीटर व ०.४५ बोअरची काडतुसे ज्यांत बसतात, अशी सर्व रिव्हॉल्वर व पिस्तुले नियमावलीच्या पहिल्या प्रवर्गात मोडतात. व्यवहारात त्यांना ‘प्रतिबंधित बोअर’ म्हणतात. त्यांचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही. तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील विषय आहे. थोडक्यात, इतिहासातील नामांकित लष्करी रिव्हॉल्वर सामान्य परवानाधारकाला विकत घेता येत नाहीत.

मग उरते काय? प्रामुख्याने ०.३२ बोअर. यासाठीचे काडतूस स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९६ साली आणलेल्या लांब बत्तीसचे आहे. ते सौम्य, अचूक व कमी धक्क्याचे म्हणून ओळखले जाते. वेब्लीनेही आपल्या ‘मार्क चार’ची ०.३२ बोअरची आवृत्ती काढली होती. जुन्या इंग्रजी कारागिरीची ओढ असणाऱ्यासाठी ती कायद्याच्या मर्यादेतील वाट आहे. तथापि दिसायला ती ०.३८० च्या भावंडासारखीच असते. म्हणून केवळ नाव व आकार पाहून सौदा करू नये. बोअर परवान्यात काय लिहिले आहे आणि शस्त्रावर काय कोरले आहे, हे दोन्ही ताडून पाहावे.

नवे घ्यावे की जुने

व्यक्तिगत वापरासाठी शस्त्रे आयात करण्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून निर्बंध आले. परिणामी त्यापूर्वी देशात आलेली परदेशी रिव्हॉल्वर तेवढीच फिरत राहिली आणि त्यांच्या किमती चढत गेल्या. या किमतीत कारागिरीचा वाटा किती आणि टंचाईचा किती, हे संग्राहकाने स्वतःला विचारले पाहिजे. परदेशी नावाखाली झिजलेले शस्त्र महाग मिळणे ही या बाजारातील नेहमीची गोष्ट आहे.

नव्या शस्त्रांत कानपूरचे नाव प्रथम येते. तेथील सरकारी कारखान्याचे ०.३२ बोअरचे सहा बारांचे रिव्हॉल्वर वेब्लीच्याच घराण्यातील आहे. ते मधोमध मोडून भरावे लागते. २०१४ साली आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचे असून त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे. त्या वेळी त्याची किंमत सुमारे सव्वा लाख रुपये होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. कानपूरची लहान शस्त्रे ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे गेली, तर खडकीचा १८६९ सालचा दारूगोळा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे आला. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरने ‘प्रबल’ आणले. त्याचे चक्र बाजूला उघडते, त्यामुळे शस्त्र मोडावे लागत नाही. वेब्ली हे नावही आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे भारतीय भागीदारीतून बनणाऱ्या रिव्हॉल्वरवर दिसते.

ज्याला पहिले शस्त्र निर्धोक व निर्विवाद हवे, त्याने नवे घ्यावे. ज्याला इतिहास हवा, त्याने जुने घ्यावे; पण पारखूनच.

पारख कशी करावी

शस्त्र हाती येताच प्रथम ते उघडून रिकामे असल्याची खात्री करावी. विक्रेत्याने आत्ताच दाखविले असले, तरी पुन्हा पाहावे. ही सवय नसेल, त्याने संग्राहक होऊ नये.

त्यानंतर क्रमांक पाहावेत. चौकट, नळी व चक्र यांवरील क्रमांक जुळत असतील, तर शस्त्र मूळ स्वरूपात आहे असे मानण्यास आधार मिळतो. क्रमांक घासलेला, पुसट केलेला किंवा पुन्हा कोरलेला आढळल्यास तेथेच थांबावे. ओळखचिन्ह नष्ट करणे हा गुन्हा आहे आणि अशा शस्त्राची खरेदी अंगाशी येऊ शकते. इंग्रजी शस्त्रांवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे असतात. ते सुस्पष्ट असावेत.

मग यंत्रणा पाहावी. घोडा चढविल्यावर चक्र नेमक्या जागी अडकले पाहिजे. बोटाने हलविल्यास त्याची फार चाळवाचाळव होऊ नये. घर आणि नळी एका रेषेत नसतील, तर गोळी नळीच्या कडेवर आपटून शिशाचे कण बाजूला उडतात. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरमध्ये बिजागरी व वरची खिट्टी झिजली आहे का, हे विशेष पाहावे. ती ढिली असेल तर शस्त्र चालविणे धोक्याचे. नळीतून उजेड पाहिल्यास आतील आटे धारदार दिसावेत. गंजाचे खड्डे बरे होत नाहीत.

शेवटी वरचा रंग. जुन्या शस्त्राचा मूळ निळसर काळा मुलामा विरळ झाला असला, तरी तो नव्या चकाकीपेक्षा मोलाचा असतो. पुन्हा घासून चमकविलेल्या शस्त्रावरील अक्षरांच्या कडा गोल होतात व मूल्य घटते.

खासगी व्यक्तीकडून शस्त्र घेताना विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबणे कायद्याने बंधनकारक आहे. या मुदतीला वळसा घालणारा सौदा कितीही स्वस्त असला, तरी नाकारावा.

माळ्यावरचे शस्त्र

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या शस्त्रांचे कागद असलेच, तर ते उर्दूत असण्याचा संभव असतो. ते फेकू नयेत. जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

परवानाधारकाचे निधन झाल्यास कायदेशीर वारस परवान्यासाठी अर्ज करू शकतो. धारकाचे वय ७० वर्षे झाले असेल किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असेल, तर तो हयातीतही वारसाच्या नावाने ते करण्याची मागणी करू शकतो. दोन शस्त्रांची मर्यादा वारसालाही लागू आहे. अर्जाचा निर्णय होईपर्यंत शस्त्र घरी न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन ते कमाल पाच वर्षांचा कारावास होऊ शकतो. ‘आजोबांची आठवण’ हा बचाव न्यायालयात टिकत नाही.

पुरातन शस्त्रांना काही सवलत आहे. पुन्हा दुरुस्त करूनही चालविता येणार नाही अशा कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला कायदा लागू होत नाही. फेब्रुवारी २०२० च्या नियमदुरुस्तीनुसार ‘क्युरिओ’ वर्गातील लहान शस्त्रे बाळगण्यास भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. मात्र ती वापरण्यास किंवा इकडून तिकडे नेण्यास लागतो. आपले शस्त्र या वर्गात बसते की नाही, हे स्वतः ठरवू नये. प्राधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो व खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत.

जतन

रिव्हॉल्वर व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत असावीत व किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी. चामड्याच्या म्यानात शस्त्र कायम ठेवल्यास ओल धरून गंज चढतो. तेलाचा पातळ हात देऊन कोरड्या कपाटात ठेवावे. घरात कुणी नैराश्यात, कर्जाच्या ताणात किंवा व्यसनात असेल, तर शस्त्र काही काळ बाहेर जमा करणे हेच शहाणपणाचे. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत निष्काळजीपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. निवडणूक काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आल्यास तो मुदतीत पाळावा.

ज्यांना परवाना मिळत नाही किंवा घ्यायचा नाही, त्यांची हौस मारली जाते असे नाही. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय किंवा पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय येथे जुनी शस्त्रे निवांतपणे पाहता येतात. खरेदीपूर्वी अशा दहा शस्त्रांवरून नजर फिरवलेला माणूस अकराव्याची पारख अधिक नेमकी करतो. आपल्या कायद्याने शस्त्रांची संख्या दोनवर आणली आहे. संग्राहकाच्या अभ्यासाला मात्र कोणतीही मर्यादा घातलेली नाही.