खमत-खामणा: पोस्टकार्डापासून फुकटच्या कॉलपर्यंत



पर्युषण झाले, पारणी झाली. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या मोबाईलवर दीडशेच्या वर मिच्छामि दुक्कडम् आले होते. प्रत्यक्ष आवाज ऐकू आला तो फक्त चौघांचा. तेव्हा मनात आले, लांबच्या माणसाची क्षमा मागायला आपल्या घरात पूर्वी किती खर्च यायचा आणि तो कसा कमी होत गेला, हे एकदा लिहून ठेवावे.

लांबून क्षमा मागणे आपल्याकडे जुनेच आहे. पूर्वी संघ आचार्यांना विज्ञप्तिपत्र पाठवत. कापडाची किंवा कागदाची लांबलचक गुंडाळी, त्यावर चित्रे, चातुर्मासाची विनंती आणि क्षमापनाही. 1610 मध्ये आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना पाठवलेले विज्ञप्तिपत्र उस्ताद शालिवाहन यांनी चितारले होते. एका निरोपासाठी चित्रकार, लेखक आणि पायी जाणारा माणूस, एवढे सगळे लागायचे.

आमच्या नंदुरबारच्या घरी ते काम पोस्टकार्डावर व्हायचे. सासूबाई छापील क्षमापना पत्रिका आणत, पण प्रत्येकीवर एक ओळ हाताने लिहीत. "नुसत्या छापील कागदाने मन साफ होत नाही," असे त्यांचे म्हणणे.

फोन होता तो सासरेबुवांच्या मिरचीच्या दुकानात. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी आपल्या पत्त्याखाली तोच नंबर 'पी.पी.' म्हणून लिहिलेला. मुंबईला बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवायचा. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. त्यामुळे लाइटनिंग कॉल आला की बायका आधी रडायला लागत, बातमी नंतर विचारत. देशात थेट नंबर फिरवण्याची एसटीडी 1960 मध्ये लखनौ-कानपूरपासून सुरू झाली, पण आपल्यासारख्यांच्या आयुष्यात ती आली पिवळ्या पाटीच्या बूथमधून. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून जेवणे आटोपून, पोरांना झोपवून आम्ही बूथवर रांग लावायचो. मीटरचे लाल आकडे पळायला लागले की बोलणेही पळायला लागायचे.

1999 मध्ये माझी नणंद न्यू जर्सीला गेली. तेव्हा अमेरिकेचा दर मिनिटाला साठ रुपयांच्या आसपास होता. सासूबाई बोलायचे मुद्दे कागदावर काढून बूथवर जात. पहिला मुद्दा दरवर्षी एकच, खमत-खामणा. दोन मिनिटे व्हायची, कागदावरचे निम्मे राहून जायचे.

गंमत अशी, की तोवर इंटरनेटवरून बोलायची सोय जगात आलेली होती. 1995 मध्येच व्होकलटेक नावाच्या इस्रायली कंपनीने तसे सॉफ्टवेअर विकायला काढले होते. युक्ती सोपी आहे. आवाजाचे बारीक तुकडे करून ते ईमेलसारखे नेटवरून पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा जोडायचे. नेटला न्यू जर्सी आणि नवापूर सारखेच, अंतराचे वेगळे पैसे नाहीत. म्हणून दोन्हीकडे नेट असेल तर कॉल फुकट. पण पलीकडे साधा फोन वाजवायचा असेल, तर शेवटच्या टप्प्यावर तिथल्या टेलिफोन कंपनीची तार वापरावी लागते आणि तिला पैसे द्यावे लागतात. फुकट आणि पैशाचा कॉल यांतला मूळ फरक एवढाच.

आपल्याकडे सरकारने 1 एप्रिल 2002 पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी दिली, तीही अर्धीच. संगणकावरून संगणकावर बोला, परदेशातल्या फोनवर बोला, पण भारतातल्या फोनवर नाही. पुढच्याच वर्षी स्काइप आले. भाच्याने सायबर कॅफेत नेऊन सासूबाईंच्या कानाला हेडफोन लावला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "मीटर कुठे आहे?" मीटर नाही म्हटल्यावर त्या गप्पच झाल्या. त्या दिवशी कागद आणला नव्हता, आणि काय बोलावे ते सुचेना.

फुकटचे हे बोलणे टेलिफोन कंपन्यांना खुपणारच होते. डिसेंबर 2014 मध्ये एअरटेलने नेटवरच्या कॉलसाठी वेगळे पैसे घ्यायचे जाहीर केले, पण गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतले. मार्च 2015 मध्ये ट्रायने लोकांची मते मागवली, तर दहा लाखांवर ईमेल गेले. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायचा आदेश आला, नेटवर काय पाहता किंवा वापरता यावरून डेटाचा दर वेगवेगळा ठेवता येणार नाही. मैत्रिणींनो, आपला व्हॉट्सअ‍ॅप कॉल वेगळ्या बिलात आला नाही, त्यामागे एवढी खटपट आहे.

त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओ आले, आणि साध्या कॉलचेही पैसे सुटले. सिम घ्यायला आधार आणि अंगठा पुरत होता. देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले, हे आठवून मला तेव्हा उगाच कौतुक वाटले होते.

पण फुकट म्हणजे सगळ्यांना फुकट नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई धडगावकडच्या. पॅक भरलेला असतो, पण त्यांची आई टेकडीवर चढून आली तरच फोन लागतो. महिन्याचे पैसे दोघींचे जातात, बोलणे आईच्या गुडघ्यांवर अवलंबून. आपणही डेटाचे पैसे आधीच भरलेले असतात, फक्त मीटर दिसत नाही.

आता माझ्या मनातले सांगते. सासूबाई गेल्यावर त्यांच्या पाटल्यांवरून नणंदेशी माझे वाजले. तीन वर्षे मी तिला संवत्सरीला तेच फुलांचे चित्र पुढे ढकलत होते. तिचेही चित्र येत होते. दोघींकडे वेळ होता, नेट होते, आणि एक पैसा लागत नव्हता. साठ रुपये मिनिटाच्या काळात आम्ही एकही वर्ष चुकवले नव्हते.

यंदा पारणे करून सकाळी साडेसातला फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजले होते, तिचे प्रतिक्रमण आटोपलेले. मी एका कागदावर तीन मुद्दे लिहून घेतले होते. पहिल्याच मुद्द्याला माझा आवाज बसला. पलीकडून ती म्हणाली, "वहिनी, घाई करू नका, मीटर चालू नाहीये."

चव्वेचाळीस मिनिटे बोललो. पाटल्यांचा विषय शेवटी तिनेच काढला, आणि पूर्ण मिटला असे मी म्हणणार नाही. दिवाळीला ती येणार आहे, तेव्हा समोरासमोर बसू.

तुमच्याही यादीत असे एखादे नाव असेल, ज्याला तुम्ही दरवर्षी फक्त चित्र पाठवता. त्या नावाला यंदा फोन करा. उशीर झाला असला तरी चालेल.

मिच्छामि दुक्कडम्.