मोक्षपट आणि आजचा विद्यार्थी

सापशिडी ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. परंतु हा खेळ केवळ मुलांच्या घटकाभर करमणुकीसाठी निर्माण झालेला नाही. महाराष्ट्रात त्याचे जुने नाव मोक्षपट. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. तसा निर्णायक पुरावा मात्र उपलब्ध नाही. या पटावरील घरांना अर्थ असे. शिडी सद्गुणाच्या घरातून वर जाई. सापाचे तोंड दुर्गुणाच्या घरात असे. दान कवड्यांच्या हाती असले, तरी आपण का चढलो व का घसरलो, हे खेळणाऱ्याला ते घरच सांगे. खेळ आणि धडा तेथे वेगळे नव्हतेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला. तेथेही आरंभी पटावर नीतिबोधाची चित्रे होती. पुढे ती गळाली आणि आकडे तेवढे उरले.

शिक्षणात चढाओढीचा उपयोग युरोपनेही केला. जेज्विट संघाने १५९९ साली आपल्या विद्यालयांसाठी शिक्षणसंहिता सिद्ध केली. त्या विद्यालयांत विद्यार्थ्यांच्या जोड्या लावीत. एकाची चूक दुसऱ्याने दुरुस्त करावयाची. वर्गाचे रोम व कार्थेज असे दोन तटही पाडीत. मात्र या लढाईत जिंकावयाचे, तर लॅटिन व्याकरण यावेच लागे.

आज ऑनलाईन शिक्षणात हीच जुनी युक्ती नव्या वेषात आली आहे. धडा पाहिला की गुण, चाचणी दिली की बिल्ला, आणि कोण पुढे, कोण मागे हे दाखविणारा फलक. या पद्धतीस ‘गेमिफिकेशन’ म्हणतात. तिचे लाभ काही अभ्यासांत दिसले आहेत; परंतु मायकेल हॅनस व जेसी फॉक्स यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास विचार करावयास लावतो. अमेरिकेतील एका विद्यापीठात एकच विषय दोन वर्गांना सोळा आठवडे शिकविला गेला. ज्या वर्गात बिल्ले व फलक होते, त्या वर्गाची अभ्यासाची गोडी दुसऱ्याच्या मानाने कमी झाली. आणि गोडी घटली तशी अखेरच्या परीक्षेतील कामगिरीही घसरली.

या प्रश्नाला आपल्याकडे आणखी एक बाजू आहे. संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले नंदगड खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या बाजूला वसले आहे. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग मोबाईलवर आले. रानालगतच्या वस्त्यांवर रेंज सर्वत्र सारखी नसते. उत्तर येत असूनही ते वेळेत पोहोचले नाही, तर फलकावर विद्यार्थी खाली घसरतो. मोक्षपटावरचा साप निदान घसरणाऱ्याला त्याचा दोष दाखवीत असे. हा साप दोष नसलेल्यालाच गिळतो.

म्हणून असा पट मांडणाऱ्या प्राध्यापकाने प्रथम घरांचा अर्थ ठरवावा. गुण हजेरीला आहे की समजुतीला? जो चुकला, त्याला चूक कळते काय, आणि पुन्हा प्रयत्न करता येतो काय? उत्तर रेंज मिळेल तेव्हा पाठविण्याची मुभा आहे काय? सर्वांची क्रमवारी लावण्याऐवजी ज्याची त्याला स्वतःची प्रगती दाखविली, तरी पुष्कळ साधेल. एवढी काळजी घेतली, तर नंदगडच्या विद्यार्थ्याला ती शिडी खरोखर वर नेईल.