बॅरिस्टरची घरशाळा

परवाच्या रविवारी हस्तकलेच्या एका प्रदर्शनाला गेलो होतो. म्हणजे बायको गेली होती, मी पिशव्या धरायला. एका स्टॉलवर क्रोशाची तोरणं, कापडी बटवे, हाताने शिवलेल्या वह्या असं काय काय मांडलेलं होतं आणि गल्ल्यावर साधारण दहा वर्षांची एक मुलगी बसली होती. दोनशे साठ रुपये झाले, आम्ही पाचशेची नोट दिली आणि तिने कुठेही न बघता दोनशे चाळीस परत केले. आम्ही कौतुक केलं तेव्हा तिची आई म्हणाली, "तिला शाळेत नाही घातलं. घरीच शिकते. सकाळी अभ्यास, दुपारी माझ्याबरोबर हे सगळं करते. वह्या तिनेच शिवल्यात."

गाडीत बसल्यावर बायकोने विचारलं, "आपल्याला जमेल का रे असं?" (आमची कन्या दुसरीत आहे आणि तिच्या दप्तराचं वजन हा आमच्या घरात रोजचा विषय आहे.) मी सवयीने "बघू" म्हणालो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग शनिवारी दोन जुनी पुस्तकं काढून बसलो. कारण स्वतःची मुलं शाळेत न घालता घरी शिकवायची, त्यांना हाताने वस्तू बनवायला लावायचं आणि त्या वस्तू ओळखीपाळखीत विकायच्या, हा उद्योग एका बापाने सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू केला होता. आणि त्यात काय चुकलं हेही त्यानेच लिहून ठेवलंय. आपल्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट डेव्हलपरनेच भरलाय :)

बाप म्हणजे बॅरिस्टर मोहनदास गांधी. चरखा आणि दांडीच्या पुष्कळ आधीचे, दक्षिण आफ्रिकेतले.

जानेवारी १८९७ मध्ये गांधी दर्बानला उतरले तेव्हा कस्तुरबांबरोबर तीन मुलं होती. हरिलाल नऊ वर्षांचा, मणिलाल पाचाचा आणि विधवा बहिणीचा मुलगा गोकुळदास दहाचा. यांना शिकवायचं कुठे? गोऱ्यांच्या शाळेत 'खास मेहेरबानी' म्हणून त्यांच्या मुलांना प्रवेश मिळाला असता. पण बाकीच्या हिंदी मुलांना तो दरवाजा बंद होता, म्हणून गांधींनी तो नाकारला. मिशनच्या शाळा होत्या, पण तिथे शिक्षण इंग्रजीतून. मुलांनी गुजरातीतून शिकावं असा त्यांचा आग्रह. मग त्यांनी घरीच शिकवायचं ठरवलं. महिना सात पौंडांवर एक इंग्रज बाई ठेवली आणि गुजरातीचं स्वतःकडे घेतलं.

वकिली, सार्वजनिक काम, सभा, अर्ज-विनंत्या यांतून जो वेळ उरेल तो मुलांचा. तुम्ही कधी क्लायंट कॉल आणि मुलीचे पाढे एकाच वेळी सांभाळले असतील तर पुढचं सांगायला नको. हरिलाल आणि गोकुळदासला मध्ये काही महिने हिंदुस्थानात वसतिगृहाच्या शाळेत पाठवलं, पुन्हा बोलावून घेतलं. घडी काही बसली नाही.

पुढे जोहान्सबर्गला एक वेगळी युक्ती निघाली. घरापासून ऑफिस पाच मैल. जाऊन-येऊन रोजचे दहा मैल गांधी चालत जात आणि मुलं बरोबर असत. चालता चालता गप्पांतून शिकवणं. वाचायला फार छान वाटतं. पण 'सत्याचे प्रयोग'मध्ये गांधींनीच एक अट नोंदवली आहे: वाटेत दुसऱ्या कोणाशी बोलायचं नसेल तर. रस्त्यात अशील भेटला की त्या दिवसाचा तास बुडाला. आणि आणखी एक नोंद आहे, ती मी पहिल्यांदा वाचताना सरळ ओलांडून गेलो होतो. या दहा मैलांत थोरला नव्हता. हरिलाल तेव्हा हिंदुस्थानात होता.

आता हस्तकलेकडे येतो. सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला जागा हवी होती, म्हणून १९१० मध्ये गांधींचे जर्मन ज्यू मित्र, वास्तुविशारद हर्मन कॅलनबाख यांनी आपली ११०० एकर जमीन दिली. जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर. संत्री, जर्दाळू, प्लम अशी हजारेक झाडं, पाण्याचा झरा जरा लांब, त्यामुळे कावडीने पाणी आणायचं. नाव ठेवलं टॉलस्टॉय फार्म. नोकर एकही नाही. स्वयंपाकापासून संडास-सफाईपर्यंत सगळं आपलं आपण. पीठ घरी दळायचं, पाव घरी भाजायचा, शेंगदाण्याचं लोणी आणि संत्र्याच्या सालीचा मुरंबासुद्धा घरचाच. स्वतःच्या कामासाठी शहरात जायचं तर आगगाडी नाही, चालत. रात्री दोनला निघून सकाळी जोहान्सबर्ग.

इतकं चालायचं तर पायात काहीतरी पाहिजे. नाताळमध्ये पाईनटाऊनजवळ मॅरियनहिल नावाचा जर्मन ट्रॅपिस्ट साधूंचा मठ होता. तिथले साधू स्वतः राबत आणि स्थानिक आफ्रिकी मुलांना हातचे धंदे शिकवत. गांधी १८९५ मध्येच तो पाहून भारावून आले होते. कॅलनबाख तिथे जाऊन चपला बनवायला शिकून आले. त्यांच्याकडून गांधी शिकले आणि गांधींकडून बाकीचे. चपला तयार होऊ लागल्या आणि मित्रमंडळींना विकायला सुरुवात झाली. सुतारकाम कॅलनबाखना आधीपासून येत होतं. बाकांपासून पेट्यांपर्यंत लाकडी सामान फार्मवरच बनत होतं.

१९११ मधलं गांधींचं एक पत्र मला फार आवडतं. पुतण्याच्या नात्यातल्या एकाला ते कळवतात की हल्ली मी बराचसा वेळ चपला करण्यात असतो, पंधरा-एक जोड झाले, तुला हव्या असतील तर माप पाठव, आणि पट्टे कुठे लागतात त्या जागांवर खुणा कर. कस्टमर रिक्वायरमेंट घेणं याला म्हणतात. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला चाळिशीचा माणूस अंगठ्याजवळ पट्टा कुठे येतो याची चौकशी करतोय. (१९१४ मध्ये देश सोडताना तुरुंगात बनवलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्सना दिला. स्मट्सनी तो बरीच वर्षं वापरला आणि १९३९ मध्ये गांधींच्या सत्तरीनिमित्त परत पाठवला. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच.)

फार्मवरची शाळाही घरगुतीच. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशी सगळी मुलं. हिंदी, तमीळ, गुजराती, उर्दू या सगळ्या भाषा. गुरुजींचं स्वतःचं तमीळ एका हँडबुकातून तुरुंगात आणि बोटीवर शिकलेलं. सकाळ शेतीत आणि घरकामात जायची, म्हणून वर्ग दुपारी. आणि दुपारी काय होणार? मुलं डुलक्या घ्यायची आणि मास्तरही! डोळ्यांना पाणी लावायचं, थोडं खेळायचं, पुन्हा डुलकी. गांधींनी हे काही न लपवता लिहिलंय. एकदा एका सतराएक वर्षांच्या दांडगट मुलाला त्यांनी रूळ मारला. मारताना स्वतःच थरथरत होते आणि पुढे त्या प्रसंगाचा पश्चात्ताप त्यांना कायम राहिला.

पण एक नियम तिथे पक्का होता. जे काम मुलांना सांगायचं ते शिकवणाऱ्याने त्यांच्याबरोबर बसून करायचं. खड्डा खणायचा तर मास्तरही खणणार. मला वाटतं, अभ्यासाच्या तासाला सगळे पेंगत असूनही चपला आणि सुतारकाम जमलं याचं कारण हे असावं. तिथे गुरुजींचं मन ऑफिसात नव्हतं. ते शेजारी बसून कातडं कापत होते.

आणि हरिलाल? १९०६ मध्ये, वडिलांना पसंत नसताना, हिंदुस्थानात लग्न करून तो आफ्रिकेला आला आणि लढ्यात उतरला. १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या रस्त्यावर परवान्याशिवाय फळं विकली म्हणून पकडला गेला. तो सत्याग्रहाचाच भाग होता. पुढे पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला. लोक त्याला 'छोटे गांधी' म्हणायला लागले. थोडक्यात, बापाचा सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थी तोच होता.

त्याला फक्त शिकायचं होतं. नियमित, वर्गात बसून, परीक्षा देऊन. गांधींचे मित्र डॉ. प्राणजीवन मेहता यांनी एकाच्या इंग्लंडमधल्या शिक्षणाचा खर्च द्यायची तयारी दाखवली तेव्हा गांधींनी छगनलाल या पुतण्याला पाठवलं. तो आजारी पडून परतला. तेव्हा दुसरी संधी सोराबजी अडाजानिया या पारशी सत्याग्रहीला दिली. माझा मुलगा म्हणून त्याला झुकतं माप नको, हे तत्त्व. तत्त्व म्हणून चोखच आहे. पण ज्या बापाने स्वतः लंडनला जाऊन पदवी आणली त्याने मुलाला पदवीची गरज नाही म्हणणं, हे त्या मुलाला कसं लागलं असेल?

मे १९११ मध्ये हरिलाल कोणाला न सांगता घर सोडून डेलागोआ बेला निघून गेला. शोधून परत आणलं. बापलेक रात्रभर बोलले आणि दुसऱ्या दिवशी तो हिंदुस्थानात शिकायला निघाला. स्टेशनवर निरोप देताना गांधी म्हणाले की बापाचं काही चुकलं असं वाटत असेल तर त्याला माफ कर. त्यांच्यासोबत असलेल्या एकाने ही आठवण लिहून ठेवली आहे.

तेविसाव्या वर्षी लहान मुलांबरोबर बसून हरिलाल मॅट्रिकची तयारी करायला लागला. मॅट्रिक काही झाली नाही. १९१५ मध्ये त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र छापून वाटलं. सर्कशीतला रिंगमास्तर जनावरांना वागवतो तसं तुम्ही आम्हा भावांना वागवलंत, असा त्यात आरोप आहे. त्यानंतरची वाताहत, दारू, कर्ज, धर्मांतर आणि पुन्हा माघारी येणं, हे तुम्ही 'गांधी विरुद्ध गांधी' नाटकात किंवा २००७ च्या 'गांधी, माय फादर' सिनेमात पाहिलं असेल. जून १९४८ मध्ये, वडिलांच्या हत्येनंतर पाचच महिन्यांनी, मुंबईच्या एका रुग्णालयात तो गेला.

आता घाईने "बघा, शाळेत घातलं नाही म्हणून पोरगा वाया गेला" असं म्हणू नका. मणिलालने आफ्रिकेत राहून 'इंडियन ओपिनियन' १९५६ मध्ये मरेपर्यंत चालवलं. देवदास 'हिंदुस्थान टाइम्स'चा संपादक झाला. तीच घरशाळा, तोच बाप. गांधींनी स्वतः केलेला हिशेब मला जास्त खरा वाटतो. आत्मकथेत ते म्हणतात की मुलांना रोज नियमाने एक तास जरी देता आला असता तरी ते शिक्षण आदर्श झालं असतं. तो देता आला नाही याची खंत मुलांनाही राहिली आणि मलाही. त्याच दमात ते असंही म्हणतात की मुलांना शाळेत न घातल्याचा मात्र मला पश्चात्ताप नाही. म्हणजे निर्णय बरोबर होता, तास कमी पडला.

हा तास कोणाच्या वाट्याला सगळ्यात कमी आला ते पाहा. फार्मवर चपलांच्या कामात बाप शेजारी येऊन बसला तोवर हरिलाल बाविशीत होता, बायको-मुलांचा धनी होता. धाकट्यांना दहा मैल तरी मिळाले, थोरल्याला तेही नाहीत. पहिल्या मुलावर सगळं शिकायचं आणि दुसऱ्यापासून नीट करायचं, हे आपल्यापैकी बहुतेक आईबाप करतात. गांधींच्या घरी तत्त्वं मोठी होती, म्हणून किंमतही मोठी पडली.

तोच प्रयोग पुढे आपल्याकडे वर्ध्याला मोठा होऊन आला. ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेत गांधींनी 'नई तालीम' मांडली: सात वर्षं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं, आणि मुलांनी बनवलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा. या शेवटच्या कलमावर तेव्हाच टीका झाली. झाकीर हुसेन समितीने आपल्या अहवालातच धोका सांगितला होता की विक्रीकडे लक्ष गेलं की शिक्षण मागे पडेल. प्रदर्शनातल्या त्या मुलीने किती वह्या स्वतःच्या आवडीने शिवल्या आणि किती 'ऑर्डर आहे' म्हणून, हा प्रश्न मला हे वाचताना पडला. विचारायला हवं होतं. पिशव्या धरण्यात राहून गेलं.

असो. तर घरातल्या प्रश्नाचं काय झालं? मी आणि बायकोने एका रात्री बसून आमचे खरोखर मोकळे असलेले तास मोजले. ऑफिस, प्रवास, रात्रीचे कॉल वजा जाता दोघांचे मिळून जे उरले ते इथे लिहायची लाज वाटते. मग कन्येलाच विचारलं, शाळा सोडून घरी शिकायला आवडेल का? ती म्हणाली, "मग मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खायचा?"

शाळा चालू आहे. दप्तर तेवढंच जड आहे. फक्त रविवारी सकाळी एक तास फोन आतल्या खोलीत ठेवायचा आणि तिच्याबरोबर जमिनीवर बसायचं, एवढं ठरवलंय. पहिल्या रविवारी आम्ही वही शिवली. टाके वाकडे आले आणि सुई मला तीनदा टोचली. ती म्हणाली की ही वही विकायची नाही. म्हटलं बरं. घेणार तरी कोण होतं!